मधलं पाणी

पुलाच्या जिन्यावरून उतरताना तिचा पाय सटकला आणि मागून कुणीतरी तिचं कोपर धरलं. एवढंच. पडली नाही, लागलं नाही, पिशवीतली बाटलीसुद्धा फुटली नाही. "सांभाळून," असं कुणीतरी म्हणालं, पण नेमका तेव्हाच खालून एका ट्रकने भोंगा वाजवला, आणि तो आवाज बाईचा होता की पुरुषाचा, तरुण होता की म्हातारा, ते सगळं त्या भोंग्यात वाहून गेलं. ती कठडा धरून उभी राहिली. वळून पाहिलं तर माणसं आपली उतरतच होती, ज्याच्या त्याच्या डोळ्यांत ज्याचं त्याचं ऑफिस. कुणी थांबेना, कुणी तिच्याकडे बघेना, आणि इतक्या हातांतला तो हात कुठला, हे काही ओळखता येईना. "थँक्यू हं," ती एकंदर गर्दीलाच म्हणाली. एका बाईने दचकून पर्स छातीशी घट्ट धरली. तिला हसू आलं, आणि हसता हसताच तिची नजर खाली गेली. जिना तिथून बराच खाली जात होता आणि खालच्या वळणावर लोखंडी खांब होता. डोकं तिथंच आपटलं असतं. आणि घरी भुंगा होता, दात यायच्या बेताला आलेला, दिवसभर ओठांनी भुंग्यासारखा आवाज करत बसणारा तिचा मुलगा. ती रस्ता ओलांडून चालायला लागली, तरी कोपर मागेच राहिल्यासारखं वाटत होतं. कोपर ही काय आठवणीत राहण्याची जागा आहे? आरशात दिसत नाही, कुणी त्याचं कौतुक करत नाही, धुतानासुद्धा आपण त्याला विसरतो. आणि आज तेवढंच एक जागं होतं. चार बोटं खालून, अंगठा वरून. घट्ट, पण दुखेल इतकं नाही. ज्याने धरलं त्याला किती जोर लावायचा ते बरोबर माहीत होतं, आणि कधी सोडायचं तेही.

खरं तर आज तिला असं काही आठवत बसायला फुरसत नव्हती. आज तिला बाईंना एक वाक्य सांगायचं होतं. बाई म्हणजे तिच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांच्या हाताखाली ती शिकली, त्यांच्याकडेच नोकरीला राहिली, आणि बाळंतपणाची रजा संपवून गेल्या महिन्यात परत आली ती त्यांच्याकडेच. वाक्य असं होतं : बाई, मला वाटतं मी आता थांबावं. बाटल्या उकळताना, भुंग्याचे लंगोट वाळत घालताना, अंघोळीच्या बादलीत नळ पडत असताना तिने हे वाक्य इतक्या वेळा म्हणून पाहिलं होतं की त्याच्या कडा झिजून ते गुळगुळीत झालं होतं. त्यातलं 'मला वाटतं' काढावं की ठेवावं यावर दोन दिवस गेले होते. काढलं की उद्धट वाटायचं, ठेवलं की बाई म्हणणार, "तुला वाटतं ना? मग वाटू दे." पण आज सांगायचंच होतं; बोलायचंय असं बाईंना कालच कळवून ठेवलं होतं. वर्षभर रखडलेला शोधनिबंध बाळंतपणाआधीच परत आला होता, दूध आटत चाललं होतं, आणि घरातलं ते बोलणं, खरं म्हणजे न बोलणं, तिला सोसेनासं झालं होतं.

भांडण मुळीच नव्हतं. भांडणाला निदान दोन माणसं समोरासमोर यावी लागतात. सासूबाई बाळंतपणासाठी म्हणून आल्या आणि राहिल्या, आणि तेव्हापासून त्या दोघींमध्ये जे काही बोलणं होई ते भुंग्याच्या मार्फत होई. आज सकाळचंच घ्या. "सांग रे तुझ्या आईला," सासूबाई भुंग्याचं तोंड पुसत म्हणाल्या होत्या, "डबा ओट्यावर ठेवलाय. परवासारखा विसरू नको म्हणावं." "सांग आजीला," ती चपलेचा पट्टा ओढत म्हणाली होती, "नाही विसरत. आणि आज थोडा उशीर होईल." "विचार आईला, थोडा म्हणजे किती? मागच्या खेपेचं थोडं अंधार पडेपर्यंत चाललं होतं." भुंग्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, हनुवटीवर लाळेचा थेंब जमवला आणि भुर्रर्र केलं. "बघ, त्यालासुद्धा पटत नाही," सासूबाई म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या? त्यालाच. तिच्या माहेरी सगळे बोलके. तिथे एक जण जांभई द्यायचा तर चौघे त्यावर मत द्यायचे. तिला या घरातली शांतता आधी सुसंस्कृत वाटली होती आणि मग थंड. दवाखान्यात, भुंगा जन्मला त्या दुपारी, सासूबाई आत आल्या, पाळण्यावर वाकल्या आणि पहिलं वाक्य त्याला म्हणाल्या, "तुझी आई फार दमलीय रे, तिला झोपू दे." तिने डोळे मिटून ते ऐकलं होतं आणि मनात म्हटलं होतं, मी इथेच आहे की, मला सांगा ना. नवरा म्हणायचा, "अगं, आई तशीच आहे. माझ्याशी तरी कुठे बोलते?" आणि मग एकदा, सहज, शर्टाचं बटण लावता लावता तो म्हणाला होता, "मी झालो तेव्हा आईने काम सोडलं होतं. कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची ती. फार छान काजं. नंतर गेलीच नाही परत." त्याने सहज म्हटलं, पण तिच्या मनात ते फूटपट्टीसारखं उभं राहिलं. म्हणजे सासूबाई रोज सकाळी तिला चपला घालताना बघतात त्या ती फूटपट्टी हातात घेऊनच. त्यांनी सोडलं होतं. ही सोडत नाही.

प्रयोगशाळेत तिच्या खुर्चीवर कुणाचातरी कोट होता आणि शेजारच्या टेबलावर गाळणी. गाळणी म्हणजे तिचा सहकारी. समोरच्याच्या कामातला कचरा काढल्याशिवाय त्याच्या गळ्याखाली चहा उतरत नसे, म्हणून हे नाव, आणि ते त्याला स्वतःलाही आवडायचं. "आलात? या," तो म्हणाला, "वाईट बातमी आधी की फार वाईट?" "अरे, बसू तर दे." "तुझा कॉम्प्युटर काल रात्री बंद पडला. आपल्या कॉम्प्युटरवाल्या भाऊंनी नवीन करून दिला. फायली सगळ्या आहेत, मी आधीच काढून ठेवल्या होत्या, पाया पड. पण तुझ्या त्या बारीकसारीक सवयी, रंगबिंग, काय दिसावं नि काय लपवावं, ते सगळं गेलं. कोरी पाटी." "आणि फार वाईट?" "बाई मीटिंगमध्ये आहेत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तरी." तिला उलट सुटल्यासारखं वाटलं. वाक्य तोंडात धरून ती खुर्चीवर बसली. मग तिच्या ध्यानात आलं की याने फायली आपणहून जपल्या होत्या, कुणी न सांगता, आणि त्याबद्दल ती अजून काहीच म्हणालेली नाही. "पाया नंतर पडते," ती म्हणाली, "पण बरं केलंस रे." गाळणीने चष्म्यावरून पाहिलं. "तब्येत बरी आहे ना तुझी?"

तिचं काम घरी समजावून सांगायची वेळ आली की ती मण्यांपासून सुरुवात करायची. प्रथिन म्हणजे मण्यांची लांबच लांब माळ. एकेक मणी म्हणजे एकेक अमिनो आम्ल. पण माळ सरळ राहत नाही. ती स्वतःशीच गुंडाळते, घडी घालते, आणि एकदा नीट घडी बसली की मगच कामाला लागते. घडीत गंमत अशी की माळेच्या या टोकाचा मणी त्या टोकाच्या मण्याच्या अगदी कुशीत येऊन बसतो. शेजारचे मणी तर दोऱ्यानेच बांधलेले, त्यांचं काय कौतुक. खरं कौतुक लांबून येऊन एकमेकांना चिकटणाऱ्यांचं, कारण घडी धरून ठेवतात ते तेच. तर अशा जोड्या शोधायच्या. किती जवळ आलं म्हणजे संपर्क म्हणायचा, याचं एक अंतर ठरवायचं, एका केसाच्या जाडीत लाखोंनी मावेल इतकं बारीक, आणि कॉम्प्युटरला सांगायचं की मोज. मग एक चौकोनी नकाशा येतो, पांढऱ्यावर काळे ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक जोडी. तिच्या नवऱ्याने पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा म्हणाला होता, "हे तर आपल्या बाथरूमच्या भिंतीसारखं दिसतंय." आणि त्या नकाशात एक रिकामी ओळ होती. तिचा मणी. तिने त्याला नाव दिलं होतं एकलकोंडा. घडीच्या आत, एका छोट्या पोकळीच्या काठाशी बसलेला, लांबच्या कुणाशीही संपर्क नाही. असा मणी बदलला काय नि राहिला काय, कुणाला काही फरक पडू नये. पण पडत होता. काही बाळं जन्मतात ती हाच एक मणी बदललेली, आणि त्यांना आईचं दूधच पचत नाही; पोटात जातं आणि विष होऊन बसतं. प्रथिन त्यांच्यात घडीच धरत नाही, भिजल्या कागदासारखं लोळागोळा होतं. एवढ्या एकट्या मण्यावर एवढं काय अवलंबून होतं? तिने निबंधात लिहिलं होतं की काहीतरी आहे. परीक्षकाने लिहिलं होतं की ज्याचा कुणाशीच संपर्क नाही त्याच्या जाण्याने घडी मोडते हे म्हणणं निराधार आहे. निराधार. पोटात भुंगा लाथा मारत असताना तिने तो शब्द वाचला होता, आणि तेव्हापासून तिला कळेना की तो शब्द मण्याबद्दल आहे की निबंधाबद्दल की आणखी कुणाबद्दल.

तिने सवयीने प्रथिनाची रचना उघडली आणि वैतागली. पडद्यावर गोवर आला होता. नेहमी स्वच्छ, निळ्या-हिरव्या फितीसारखी दिसणारी तिची घडी आज लाल ठिपक्यांनी भरली होती, आत, बाहेर, कडेकडेने. पाणी. प्रथिनाचे स्फटिक करून त्यांच्यावर क्ष-किरण सोडतात तेव्हा आत अडकलेले पाण्याचे कणही दिसतात, आणि ज्याने रचना काढली त्याने ते एकेक करून फायलीत नोंदवलेले असतात. कामाला बसलं की पहिली गोष्ट काय, तर ते काढून टाकायचं. तिच्या प्रोग्रॅमची पहिली ओळच ती होती. इथे आल्या आल्या, बाईंनी शिकवलं तशी तिने लिहिलेली : आधी पाणी वगळा. पुढे सगळ्या प्रयोगशाळेने तो प्रोग्रॅम उचलला, गाळणीनेसुद्धा त्यात कचरा काढला नाही. पाणी हलतं, पाणी येतं-जातं, पाणी प्रथिनाचं नव्हे. आजवर तिच्या पडद्यावर ते कधी दिसलंच नव्हतं. नव्या कोऱ्या पाटीला मात्र काय लपवायचं ते माहीत नव्हतं. ती ठिपके घालवायची खूण शोधायला लागली, तेवढ्यात छातीत तो ओळखीचा ताण आला. भुंग्याची वेळ झाली होती. शरीराला बरोबर कळतं. भुंगा शहराच्या त्या टोकाला, आणि इकडे ब्लाउज ओला.

दूध काढायला तिला जुन्या उपकरणांची खोली दिली होती. कुणी वाईट हेतूने दिली नव्हती, आतून कडी लागणारी तेवढी एकच होती. मोडके सूक्ष्मदर्शक, काचेच्या नळ्यांचे खोके, एक वजनकाटा जो कायम थोडं जास्त दाखवायचा. तिने पिशवी उघडली, यंत्राचे भाग एकेक करून बाहेर काढले. झडप नव्हती. नखाएवढा रबराचा तो तुकडा, तो नसेल तर सगळं यंत्र नुसतं सुस्कारे टाकत बसतं. सकाळच्या घाईत राहिला असणार. म्हणजे आता दुपारभर फुटायच्या बेतात बसायचं, किंवा घरी पळायचं. डोळ्यांत पाणी आलं, तिने रागाने पिशवीच पालथी केली. किल्ल्या, रुमाल, भुंग्याचा एकटा पडलेला मोजा, आणि एक छोटीशी कापडी पिशवी, तिने आजवर कधी न पाहिलेली. भुंग्याच्या जुन्या, आखूड झालेल्या झबल्याचं कापड. तोंडाशी पांढरं बटण. आत एक नवीकोरी झडप आणि दुसरी, तीही नवीच. ती बटण परत लावायला गेली आणि तिची बोटं तिथंच थांबली. काज. त्या काजाची कड इतकी बारीक, इतकी एकसारखी विणलेली होती की टाके दिसत नव्हते, नुसती एक गुळगुळीत कड बोटाला लागत होती. असं काज कुठलं यंत्र करत नाही. फार छान काजं करायची ती, नवरा म्हणाला होता.

यंत्र सुरू झालं, त्याच्या फुस्स-फुस्स तालावर ती काचेच्या नळ्यांकडे बघत बसली. या खोलीत तिला नेहमी आपण चोर असल्यासारखं वाटायचं. आज वाटलं नाही. गेल्या आठवड्यात एक झडप हरवली होती आणि ती चिडून एकटीच बडबडली होती, "आता हे कुठे मिळतंय!" स्वयंपाकघरात तेव्हा कोण होतं? यंत्राचे हे सगळे भाग रोज सकाळी धुऊन, उकळून, फडक्यावर ओळीने वाळत घातलेले असायचे, आणि ती ते उचलून पिशवीत टाकायची. तिला वाटायचं नवरा करतो. कशावरून? तो तर ती उठायच्या आधी घर सोडायचा. मग कोण? आणि परवा विसरलेला डबा दुपारी चौकीवर आलेला होता, पहारेकऱ्याने आणून दिला, ती म्हणाली होती, "अरे वा, नवऱ्याला वेळ मिळाला वाटतं." पहारेकरी काहीतरी सांगत होता. बाईमाणूस, कडेवर मूल, असं काहीसं. तिने ऐकलं नव्हतं, तिची मोजणी चालू होती. म्हणजे सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी, भुंग्याला कडेवर घेऊन, तो पूल चढून उतरून... आणि वर येऊन तिला भेटल्यासुद्धा नव्हत्या. आणि आज सकाळी परत तोच डबा, विसरू नको म्हणावं. टोमणा वाटला होता तिला तो. ज्या बाईला हिने घरी बसावं असं वाटत असेल ती बाई कामावर नेण्याच्या यंत्रासाठी रात्री जागून काज करेल? हा प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि त्याच्या उत्तराची वाटही पाहिली नाही, कारण उत्तर मांडीवरच पडलं होतं, पांढऱ्या बटणाचं. बाटली भरत आली होती. कालच्यापेक्षा जास्त. तिने ती उजेडाकडे धरली आणि त्या मोडक्या सूक्ष्मदर्शकांच्या साक्षीने जोरात नाक शिंकरलं.

जागेवर परत आली तर पडद्यावरचा गोवर तसाच होता. पाणी घालवायची खूण आता तिला सापडलीही होती. एकदा बोट दाबायचं, की सगळं स्वच्छ. बोट खाली गेलं नाही. का गेलं नाही हे तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं. कोपर जागं होतं म्हणून, की खिशात ती काजाची पिशवी होती म्हणून, की नुसतंच पोट रिकामं आणि छाती हलकी झाल्यामुळे डोळ्यांना बघायला सवड मिळाली म्हणून. ती रचना फिरवत फिरवत आत गेली, पोकळीच्या काठाशी, तिच्या एकलकोंड्यापाशी. तो होता तसाच होता, कुणाशीही संपर्क नसलेला. समोर, पोकळीच्या पलीकडच्या काठावर, माळेच्या पार दुसऱ्या टोकाकडून आलेला एक मणी. दोघांमधलं अंतर संपर्काच्या हद्दीपेक्षा थोडंसंच जास्त, म्हणून नकाशात ठिपका नाही. आणि दोघांच्या बरोबर मध्ये एक लाल ठिपका. एकच. तिने श्वास धरून मोजलं. एकलकोंड्यापासून पाण्यापर्यंत : हात धरलेले असताना असावं तेवढं. पाण्यापासून पलीकडच्या मण्यापर्यंत : तेवढंच. ते पाणी येत नव्हतं, जात नव्हतं. एक हात याला आणि एक हात त्याला देऊन बसलं होतं.

"गाळणी," ती हळूच म्हणाली, "जरा ये ना. आणि तुझं ते तोंड घेऊन ये, कचरा काढायचं." गाळणी खुर्चीसकट घरंगळत आला. बघितलं. पुन्हा बघितलं. "पाणी कुठेही दाखवतात गं लोक," तो म्हणाला, पण त्याचा आवाज उतरला होता. "एखाद्याने उगीच टाकलं असेल. दुसऱ्या रचना बघ." याच प्रथिनाच्या रचना आणखी कुणीकुणी काढलेल्या होत्या, दूरदूरच्या, एकमेकांची तोंडंही न पाहिलेल्या माणसांनी, निरनिराळ्या वर्षी. तिने एकेक उघडली. एकेकीवर एकेक गोवर. आणि प्रत्येकीत, त्याच पोकळीत, त्याच जागी, तो ठिपका. गाळणीने क्ष-किरणांनी उमटलेलं मूळ धुकंही, ज्यावरून हे ठिपके मांडतात ते, काढून दाखवलं. त्या जागी धुकं दाट होतं, खरोखर काहीतरी बसलेलं होतं तिथे. मग तिने कॉम्प्युटरवर एकलकोंडा काढून त्याच्या जागी तो दुसरा मणी बसवला, ज्या बाळांना दूध पचत नाही त्यांच्यातला, अंगाने मोठा. तो पाण्याच्याच जागेवर जाऊन बसला. पाण्याला जागाच उरली नाही, आणि पलीकडचा काठ नुसता मोकळा लोंबत राहिला. "च्यायला," गाळणी म्हणाला, आणि हे त्याच्या तोंडून निघालेलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र होतं. ती त्या फायलींच्या वरच्या कोपऱ्यातली, ज्यांनी ज्यांनी त्या काढल्या त्यांची नावं बघत होती. कुणीतरी कुठल्यातरी खोलीत बसून, डोळे चोळत, हा एक ठिपका ठेवावा की काढावा असा विचार केला असेल, आणि ठेवला असेल. कुणी विचारणार नव्हतं, कुणी आभार मानणार नव्हतं. ठेवला, आणि पुढे निघून गेला. सांभाळून.

बाई मीटिंगमधून आल्या त्या नेहमीसारख्या आल्या, म्हणजे दारातूनच ओरडत. "कुणी माझा चहा प्यायला असेल तर त्याने आत्ताच कबूल व्हावं! आणि तू, तुला काहीतरी बोलायचं होतं ना?" तिने खुर्ची बाजूला सरकवली. बाईंनी चष्मा बदलला, वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. "हे पाणी का दाखवतेयस?" "बाई, आपण ते पहिल्याच ओळीत काढून टाकतो." "हो, मग? टाकायचंच असतं. मीच शिकवलंय तुला." आणि मग त्यांना दिसलं. त्यांचं बोट पडद्यापर्यंत जाऊन काचेला न टेकता थांबलं. "अगं बाई," बाई म्हणाल्या. तिने त्यांना असं म्हणताना कधीच ऐकलं नव्हतं. "म्हणजे इतकी वर्षं आपण याला एकटा म्हणत होतो." "हो." "आणि त्याला धरणाराच आपण रोज सकाळी घालवत होतो." "रोज सकाळी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज किंचित फुटला. गाळणीने लगेच खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. बाई सरळ झाल्या, कंबर धरून. "हा अंदाज झाला, हं. पुरावा नव्हे. बदललेल्या मण्याचं प्रथिन करावं लागेल, स्फटिक धरावे लागतील, धरतील की नाही देव जाणे. वर्ष जाईल. कदाचित जास्त." "हो, बाई." "परीक्षकाला तेवढं तरी कळव की आधार सापडलाय, दाखवायला वेळ लागेल." मग त्यांनी चष्मा काढला आणि तिच्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. "हे तर तुला आत्ता सापडलं. सकाळी काय बोलायचं होतं?" वाक्य तोंडात होतं, गुळगुळीत, झिजलेलं, तिने ते जिभेवर घेऊन पाहिलं आणि ते आता कुठल्यातरी दुसऱ्याच बाईचं लागलं. "ते राहिलं, बाई." "राहिलं तर राहू दे," बाई म्हणाल्या. चष्मा पुन्हा नाकावर चढवला. "आणि आज लवकर जा. बाळ वाट बघत असेल."

उजेड असतानाच ती पुलाचा जिना चढली. सकाळच्या त्या पायरीपाशी थांबली. पायरीची कड तुटलेली होती, एवढंच. माणसं खाली उतरत होती, वर चढत होती. यातल्या कुणाचाही असू शकेल तो हात, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याबरोबर सगळेच हात थोडे ओळखीचे झाले. पिशव्या धरलेले, फोन धरलेले, दुसऱ्याचं बोट धरलेले. एक म्हातारेबुवा त्या तुटक्या कडेपाशी आले. "काका, सांभाळून," ती म्हणाली आणि त्यांचा दंड क्षणभर धरला. त्यांनी वळून पाहिलं तोवर ती वर गेली होती.

घरात शांत होतं. भुंगा पाळण्यात झोपला होता, दोन्ही मुठी डोक्याशी, ओठ झोपेतही भुर्रर्र करायच्या बेतात. सासूबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. तिने बाटली आत ठेवली, हात धुतले, यंत्राचे भाग काढून ओट्यावर ठेवले, आणि त्यांच्या बाजूला ती छोटी कापडी पिशवी ठेवली. सासूबाईंनी पिशवीकडे पाहिलं, झडप उचलून नळाखाली धरली. तिच्या मनात दिवसभराचं इतकं साठलं होतं. हे तुम्ही शिवलंत ना? डबा तुम्हीच आणला होता ना, मग वर का नाही आलात? दवाखान्यात तुम्ही म्हणालात तिला झोपू दे, आणि मी खरंच झोपले, तुम्ही त्याला रात्रीपर्यंत मांडीवर धरून बसला होतात म्हणून झोपले, हे मला आज कळलं. पण हे सगळं न्यायचं कसं? त्या दोघींमध्ये जायची-यायची जी एक वाट होती ती तर पाळण्यात गाढ झोपली होती. ती पाळण्यापाशी गेली, वाकली, आणि त्याला जाग येणार नाही इतक्या, पण ओट्यापर्यंत पोचेल इतक्या आवाजात म्हणाली, "भुंग्या, सांग आजीला, पिशवी मिळाली. आज दोन्ही झडपा होत्या म्हणून निभावलं सगळं. फार सुंदर काज आहे म्हणावं." तिने त्याचं पांघरूण सारखं केलं. "आणि सांग, आई उद्याही जाणार आहे कामावर. आजीच्या जिवावर."

नळ बंद झाला.

"उठल्यावर त्याला सांग," सासूबाई म्हणाल्या, "ऐकलंय मी."

मग त्या फडकं घ्यायला वळल्या. जागा अरुंद होती आणि ती मध्येच उभी होती. त्यांनी तिचं कोपर धरून तिला जरा बाजूला केलं, चार बोटं खालून, अंगठा वरून, आणि पलीकडे गेल्या. हात ओले होते. बाहीवर बोटांचे ओले ठसे उमटले, एकेक वेगळा, आणि ते वाळेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.